छोट्या ट्रॅक्टरची घरची देखभाल

निफाड-दिंडोरीच्या किंवा तासगावच्या द्राक्षबागेत, सांगोल्याच्या डाळिंबात मोठ्या ट्रॅक्टरचे काम नसते. ओळींमधून फांद्या न मोडता, तारांना न घासता जाणारा अरुंद ट्रॅक्टर तिथे लागतो. अशा ट्रॅक्टरची ताकद साधारण १५ ते ३० अश्वशक्ती असते. महिंद्राचा युवराज २१५ एका सिलिंडरचा आणि १५ अश्वशक्तीचा, तर कुबोटाचा बी २४४१ तीन सिलिंडरचा आणि २४ अश्वशक्तीचा. फवारणीचा ब्लोअर ओढणे, रोटाव्हेटर चालवणे, खताची ट्रॉली नेणे ही त्याची कामे. मशीन आटोपशीर असल्याने नेहमीची बरीचशी देखभाल घरच्या अंगणातच होते. मात्र इंजिनात ऑइल तीन-चार लिटरच्या आसपास आणि रेडिएटरही लहान, म्हणून हयगय झाली तर तिचा परिणामही लवकर दिसतो.

मोटारीची सर्व्हिसिंग किलोमीटरवर ठरते, ट्रॅक्टरची तासांवर. डॅशबोर्डवरचा अवर मीटर त्यासाठीच असतो. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो. त्यामुळे ट्रॅक्टर मंद गतीवर उभा असताना घड्याळाचा तास उलटला तरी मीटरचा तास पुरा होत नाही. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग बहुधा ५० तासांनी येते, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. पुढचे टप्पे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि ते मॉडेलगणिक बदलतात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा हिशेब आपल्याला लावण्यात अर्थ नाही. वॉरंटीच्या काळात सर्व्हिसिंगची नोंद कार्डावर करून घेणेही गरजेचे असते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावे ते एअर क्लिनरकडे, आणि नेमके तिकडेच सगळ्यात कमी दिले जाते. एक लिटर डिझेल जाळायला इंजिनाला किमान दहा हजार लिटर हवा लागते, आणि रोटाव्हेटरमागे उठणाऱ्या धुळीतूनच ती ओढली जाते. ही धूळ आत गेली की लायनर आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन ऑइल खाऊ लागते आणि ताकद उतरते. ऑइलच्या एअर क्लिनरमध्ये हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या ऑइलवर आदळून एकदम वर वळते. जड धूळ ऑइलमध्येच राहते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. वाटीच्या तळाशी सेंटिमीटरभर गाळ साचला, की वाटी डिझेलने धुऊन, पुसून, आतल्या खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ओढून घेते. कमी भरले तर धूळ सरळ आत जाते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल इथे वापरण्याची काटकसर बरेच जण करतात. ती महागात पडते, कारण त्या ऑइलमध्ये काजळी आधीच असते. कोरडे फिल्टर असेल तर बाहेरचे फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने फुंकावे. आतले लहान सुरक्षा फिल्टर साफ करायचे नसते, ते बदलायचे असते.

इंजिन ऑइल रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना आणि चालू करण्याआधी पाहावे. पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि मग वाचावी. पातळी घटलेली दिसली तर भर घालता येते. वाढलेली दिसली तर मात्र ट्रॅक्टर चालू करू नये. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत असल्याची ती खूण असते, आणि पाणी असेल तर ऑइल दुधाळ दिसते. ऑइल बदलताना इंजिन थोडे कोमट करून घेतले, की चेंबर नट काढल्यावर गाळासकट ऑइल उतरते. नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटाने ऑइल लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा. पान्याने आवळला तर पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. मग इंजिन थोडे चालवून, ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करून, बंद करून काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी. काढलेले ऑइल बांधावर ओतू नये, कॅनमध्ये भरून भंगारवाल्याला द्यावे.

डिझेलचा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली, की हवेतली वाफ आतल्या पत्र्यावर जमते. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवणे चांगले. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसले, की ते सोडून द्यावे. टाकी पूर्ण संपली किंवा फिल्टर बदलला, तर लाइनमध्ये हवा शिरते आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही. मग फिल्टरवरचा लहान बोल्ट सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी स्वच्छ धार. धार आली की बोल्ट आवळायचा. काही मॉडेल हवा आपोआप काढतात. नोझलच्या पाइपातले डिझेल प्रचंड दाबाखाली असते. गळती बोटाने शोधू नये. बारीक धारसुद्धा कातडीतून आत शिरते.

बागेत रेडिएटरची जाळी वाळलेल्या पानांनी आणि धुळीने पटकन भरते. ती पंख्याच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने धुवावी. जोरदार धारेने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात. विहिरीचे क्षाराचे पाणी आत घातल्यास नळ्यांत खपली धरते. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचे भय सहसा नसले, तरी गंज आणि उकळी टाळायला कूलंट हवाच. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

फवारणीनंतर ट्रॅक्टर धुणे हा इथल्या देखभालीचा खास भाग आहे. गंधक आणि मोरचूद असलेला फवारा नट-बोल्टवर, बॅटरीच्या टर्मिनलवर बसतो आणि लोखंड खातो. धुतल्यावर ग्रीस गनने प्रत्येक निपलमध्ये, जुने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत नवे भरावे. एका सिलिंडरचे इंजिन जास्त थरथरते, त्यामुळे चाकांचे आणि सायलेन्सरचे नट आठवड्याला तपासणे चांगले. बॅटरीची तार काढताना आधी निगेटिव्ह काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

ब्रेकच्या दोन पेडलांची गोष्ट सहज दुर्लक्षिली जाते. ओळीच्या टोकाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला जातो, आणि चालकाला ज्या बाजूला वळायची सवय असते त्या बाजूचा लवकर झिजतो. मग रस्त्यावर दोन्ही पेडल जोडून ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर एकीकडे ओढला जातो. दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी करून घेणे हे पान्याने होणारे छोटे काम आहे, पण ते जिवाशी निगडित आहे. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे पुढचे-मागचे टायर ठरावीक प्रमाणातल्या मापाचे असतात. वेगळ्या मापाचा टायर घातला तर गिअरवर ताण येतो.

पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरती ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे फिरतो. उपरणे किंवा साडीचा पदर अडकला तर हात आवरायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यावरचे कव्हर काढून टाकू नये. रोटाव्हेटरचे पाते बदलताना इंजिन बंद, चावी खिशात आणि अवजाराखाली लाकडी ठोकळे हवेत; हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणी त्याखाली शिरू नये.

पंपाचे कॅलिब्रेशन, नोझलची तपासणी आणि क्लच प्लेट ही कामे घरची नाहीत. पहिल्या दोन कामांना चाचणी यंत्र लागते, आणि क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो.