‘अक्करमाशी’ आणि सीमेवरची माणसे

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याला लागून नगरकडचा पाथर्डी तालुका आहे. आज ही दोन जिल्ह्यांमधील साधी हद्द असली, तरी १९४७ पर्यंत तिच्या एका बाजूस निजामाचे हैदराबाद संस्थान होते, तर दुसऱ्या बाजूस ब्रिटिशांचा मुंबई इलाखा. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या स्थित्यंतरांतून गेलेल्या मुलखाच्या मराठीत उर्दू सहज मिसळली. परंतु भाषा मिसळल्या म्हणजे माणसे बरोबरीने मिसळली, असे होत नाही. हा भेद मराठीत सर्वांत परखडपणे मांडणाऱ्या पुस्तकांपैकी एक दुसऱ्याच सीमाभागातून आले.

सोलापूर जिल्ह्यातील, कर्नाटकाला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यातील शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा माशांचा तोळा; अकराच भरले तर ते उणे. याच हिशेबाने विवाहबाह्य संततीला ‘अक्करमाशी’ म्हटले जाई. लेखकाची आई महार, वडील लिंगायत पाटील, तर आजीच्या घरात नातवाला माया लावणारे दादा मुसलमान. घरात तीन समाज नांदत होते. मात्र शाळेच्या दाखल्यावर बाप कोण, जात कोणती, हा प्रश्न सुटत नव्हता. गावाने दूर ठेवलेच; महारवाड्यानेही पूर्णपणे आपले मानले नाही.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मेक्सिकन, पोर्टोरिकन, क्यूबन, डॉमिनिकन अशा भिन्न समाजांवर ‘लॅटिनो’ हा एकच शिक्का बसतो. पिरी थॉमस यांच्या १९६७ च्या ‘डाऊन दीज मीन स्ट्रीट्स’ या आत्मकथनातील मुलगा आपल्या भावंडांत सर्वांत सावळा आहे. घर त्याला पोर्टोरिकन म्हणते, रस्ता मात्र काळा.

शिरूर कासार परिसरातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्यांनाही परमुलखात ‘बीडचे ऊसतोड कामगार’ एवढीच ओळख उरते. त्या शब्दाआड वंजारी, मराठा, बंजारा, दलित असे अनेक समाज असतात. बाहेरच्यांना ते एक दिसले, तरी परस्परांतील उच्चनीचता त्यांच्यासोबत फडापर्यंत जातेच. ‘अक्करमाशी’ वाचताना म्हणूनच किती समाज एकत्र आले एवढेच मोजू नये. कोणाला कोणत्या दारात अडवले गेले, तेही पाहावे.