आकाशातून जहाजाचा पत्ता

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळपास तितकाच आपला अक्षांश. मुंबईलगतच्या समुद्रात तो सुमारे १९ अंशांवर दिसतो. ताऱ्यांवरून जहाज हाकायला शिकणाऱ्याचा हा पहिला धडा.

खरी कसोटी लागते ती सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे उपकरण हाती घेतल्यावर. डुलत्या डेकवर पाय रोवून, गडद काचेतून दिसणारे सूर्यबिंब आरशाच्या साहाय्याने हळूहळू खाली आणायचे. त्याची खालची कड क्षितिजाला टेकली, की त्याच क्षणी घड्याळातला सेकंद टिपायचा. कोनात अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर स्थान एका सागरी मैलाने, म्हणजे १८५२ मीटरने हुकते. विषुववृत्तावर वेळेतली चार सेकंदांची चूकही तेवढीच महागात पडते! पुढची आकडेमोड नाविक पंचांगावरून. त्यात सूर्य, चंद्र, ग्रह आणि ५७ निवडक ताऱ्यांची स्थाने दिलेली असतात.

ही विद्या जुनी खरी, पण कालबाह्य मुळीच नाही. जीपीएसचे संदेश अडवता येतात, खोटेही पाठवता येतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले हे शिक्षण २०१५मध्ये पुन्हा सुरू केले, ते उगाच नव्हे. भारतीय नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी यांनी जीपीएस वर्ज्य असलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सेक्स्टंटच्या भरवशावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०२३मध्ये दुसरा क्रमांक पटकावला.