अथेन्सच्या सभेतला शब्द गोव्याच्या ‘इगर्ज’पर्यंत कसा आला?

हिंदी बातम्यांत नाताळच्या दिवसांत ‘गिरजाघर’ हा शब्द ऐकू येतो. आपण मराठीत सरळ ‘चर्च’ म्हणतो. गोव्यात कोकणी माणूस ‘इगर्ज’ म्हणतो. गिरजाचा संबंध काही जण गिरिजा म्हणजे पार्वतीशी जोडतात. तो चुकीचा आहे. गिरिजा हा संस्कृत शब्द, पर्वताची मुलगी. गिरजाघरातला गिरजा मात्र ग्रीसहून निघालेला आहे आणि त्याचा प्रवास मोठा आहे.

मूळ शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. बोलावून जमवलेले लोक, एवढाच अर्थ. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स शहरात नागरिकांची सभा भरायची, तिला एक्लेसिया म्हणत. आपल्या ग्रामसभेसारखीच, पण अधिकार फार मोठे. युद्ध करायचं की नाही, हेही तिथंच हात वर करून ठरे. बायका, गुलाम आणि बाहेरून आलेल्यांना मात्र मज्जाव होता.

प्निक्स नावाच्या टेकडीवर ही सभा भरे. काही निर्णयांना किमान ६००० लोक लागत. कोरमची अडचण तेव्हाही होतीच! लोक बाजारात गप्पा मारत बसायचे. मग लाल रंगात बुडवलेला दोर धरून त्यांना सभेकडे हाकलत आणायचे. अंगाला रंग लागला की कोण टाळत होता ते सगळ्यांना कळे. पुढे तर हजेरीचा भत्ता सुरू करावा लागला.

हा शब्द धर्मात आला तो भाषांतरामुळे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यू लोकांचे हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये उतरवले जाऊ लागले. देवासमोर जमलेल्या समाजासाठी हिब्रूत ‘काहाल’ शब्द होता, त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी एक्लेसिया वापरला गेला. पुढे येशूच्या अनुयायांनीही तोच उचलला. तेव्हा त्यांच्याकडे इमारत नव्हतीच, कुणाच्या तरी घरात जमायचे. म्हणजे एक्लेसिया म्हणजे माणसं. भिंती आणि घंटा नंतर आल्या, आणि हळूहळू त्या वास्तूलाही तेच नाव पडलं.

रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये तो ‘एक्लेसिया’च राहिला. तिथून फ्रेंचमध्ये एग्लीज, स्पॅनिशमध्ये इग्लेसिया, पोर्तुगीजमध्ये इग्रेजा झाला. तुर्की भाषेतला ‘किलिसे’ही त्यातलाच.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ च्या तहात वसई त्यांच्याकडे गेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकेपर्यंत तिथं त्यांचाच अंमल होता. चावी, बटाटा, पगार, पाव हे शब्द आपल्याला त्यांच्याकडूनच मिळाले. इग्रेजाचं कोकणीत इगर्ज झालं, हिंदी-उर्दू आणि बंगालीत गिरजा. हिंदीवाल्यांनी पुढे ‘घर’ जोडलं. पोर्तुगीज जहाजं पूर्वेला गेली तसा शब्दही गेला. मलाय आणि इंडोनेशियाच्या भाषेत तो ‘गरेजा’ आहे.

मग चर्च? तोही ग्रीकच, पण दुसऱ्या घराण्यातला. ‘किरिओस’ म्हणजे धनी, प्रभू. त्यावरून ‘किरिआकोन’, म्हणजे प्रभूचं. त्यापासून जर्मन किर्शे, स्कॉटलंडचा कर्क, इंग्रजी चर्च. एक शब्द लोकांवरून, दुसरा मालकावरून.

हा फरक वाटतो तेवढा साधा नाही. विल्यम टिंडेल यांनी १५२६ मध्ये बायबलचा नवा करार ग्रीकवरून इंग्रजीत छापला, तेव्हा एक्लेसियासाठी ‘चर्च’ न वापरता जमाव, समुदाय अशा अर्थाचा ‘काँग्रिगेशन’ हा शब्द घातला. धर्मपीठाचे लोक खवळले. शब्दाचा अर्थ जमलेली माणसं असा असेल, तर पोप आणि बिशपांच्या अधिकाराला आधार काय, असा पेच होता. टिंडेल यांना पाखंडी ठरवून १५३६ मध्ये मारण्यात आलं. कारण हा एकच शब्द नव्हता, पण वादात तो होता. नंतर राजा जेम्सने नवं भाषांतर करून घेतलं, तेव्हा ‘चर्च’ हाच शब्द ठेवायचा असा नियमच घालून दिला. ते भाषांतर १६११ मध्ये निघालं.

मराठी बायबलात मात्र त्या जागी ‘मंडळी’ आहे. जेवायला बसलेली मंडळी, वऱ्हाडी मंडळी, तीच ही मंडळी. पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र इंग्रजीत वाचलं तर ‘चर्च’ दिसतं, मराठीत वाचलं तर ‘मंडळी’.