बाप्तिस्मा कोणत्या रीतीचा, आणि तारण कोणाचे?

विश्वास आणि पंथ : लेखांक ७

तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, हे गेल्या आठवड्यात आपण पौलाच्या पत्रांतून पाहिले. मग बाप्तिस्म्याचे काय? आणि ज्याचा बाप्तिस्मा आमच्या रीतीने झालेला नाही, त्याला प्रभूमधला भाऊ मानायचे की नाही? आपल्या मंडळ्यांमध्ये हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. लग्न ठरवताना तो येतो, बदली होऊन नव्या गावच्या मंडळीत नाव घालताना येतो, प्रभुभोजनाच्या वेळी येतो. ‘बाप्तिस्मा शिंपडून झाला की बुडवून? लहानपणी की मोठेपणी?’ असे विचारतात, आणि पुष्कळदा उत्तर ऐकूनच समोरच्याच्या तारणाचा निकाल लावतात.

दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार आहे. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, ल्यूथरन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देतात. देवाची कृपा आधी येते, माणसाचे उत्तर मागाहून, असे त्या मानतात. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच्या सर्व माणसांसह बाप्तिस्मा झाला, हा दाखलाही देतात. बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या म्हणतात की नव्या करारात माणूस ऐकतो, विश्वास ठेवतो आणि मग पाण्यात उतरतो. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा झाल्याचा स्पष्ट उल्लेख तिथे कुठेच नाही. हेही खरे आहे.

या मतभेदाचे मोल काय पडते, हे १८१२ साली अमेरिकेहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या एका मिशनरी गटाच्या हकिकतीत दिसते. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली. अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस हे ते पाच जण. सारे काँग्रिगेशनल मंडळीचे, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे, आणि त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्डही त्याच परंपरेतले. जडसन आणि त्याची पत्नी अ‍ॅन न्यूएल दांपत्याबरोबर एका जहाजाने निघाले, बाकीचे दुसऱ्या जहाजाने.

बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे बॅप्टिस्ट सहकारी भेटणार, वाद होणार, हे जडसनला ठाऊक होते. शिवाय नव्याने विश्वास ठेवणाऱ्यांच्या मुलाबाळांचे काय करायचे, हेही ठरवायला हवे होते. म्हणून समुद्रप्रवासात त्याने बालबाप्तिस्म्याच्या समर्थनासाठी शास्त्र उघडले. अभ्यास जसजसा खोल गेला, तसतसे त्याचे स्वतःचेच मत बदलत गेले. अ‍ॅनला हे आधी मुळीच रुचले नव्हते. पण अखेर तिचीही खात्री पटली, आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात केरीचा सहकारी विल्यम वॉर्ड याच्या हातून दोघांचा बाप्तिस्मा झाला. पुढे राइसनेही तेच केले.

आपल्याला पाठवणाऱ्या मंडळाचे मत आता आपण मानत नाही, हे कळल्यावर जडसनने बोर्डाचा राजीनामा दिला. परका देश, पगार बंद, आणि ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना हाकलायला टपलेली. त्या घटकेला त्याने गप्प बसून दिवस काढले असते, तर कोणाला कळलेही नसते. सदसद्विवेकाचा असा मान राखणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, मग त्याचा निष्कर्ष पटो वा न पटो.

जडसन ब्रह्मदेशात गेला. पहिला माणूस प्रभूकडे यायला १८१९ साल उजाडले. युद्ध पेटल्यावर १८२४ मध्ये त्याला तुरुंगात टाकले, पायात बेड्या पडल्या. तरी त्याने संपूर्ण बायबल ब्रह्मी भाषेत आणले. इकडे हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनचे काम त्यांच्यापासून सुरू झाले. हॉल मराठी शिकला, गावोगाव फिरला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. त्याने बालबाप्तिस्मा अखेरपर्यंत सोडला नाही. आता या दोघांपैकी तारण कोणाचे झाले नाही म्हणायचे? ब्रह्मदेशात बेड्या घातलेल्याचे, की आपल्या मातीत देह ठेवणाऱ्याचे? ‘अमुक रीतीने बाप्तिस्मा नाही, तर तारण नाही’ असे म्हणणाऱ्याने या दोघांपैकी एकाचे नाव घेऊन ते म्हणून दाखवावे.

याचा अर्थ बाप्तिस्मा ऐच्छिक आहे, असा मात्र नाही. ‘क्रुसावरचा चोर बाप्तिस्म्याविना गेलाच ना?’ ही सबब मी अनेकदा ऐकली आहे. त्या चोराला क्रुसावरून उतरता येत नव्हते. आपले हातपाय मोकळे आहेत. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, तरीही पेत्राने त्यांना बाप्तिस्मा घ्यायला सांगितलेच. उलट शोमरोनातल्या शिमोनाचा बाप्तिस्मा रीतसर झाला होता, तरी त्याचे मन देवासमोर सरळ नाही, असे पेत्राने त्याला तोंडावर सुनावले. प्रभूची आज्ञा म्हणून बाप्तिस्मा घ्यायचा. पण तारण करतो तो प्रभू.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्याशी जुळतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा अँग्लिकन रीतीने बाप्तिस्मा झाला. लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला, कारण बिशप किंवा पुरोहित सांगेल ते सगळे निमूट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. म्हणून त्यांनी आपला बाप्तिस्मा खोटा ठरवला नाही, आणि केडगावचे मुक्ती मिशन कोणा एका पंथाच्या दावणीला बांधले नाही.

दुसऱ्या गटातला बाप्तिस्मा खरा की खोटा, हा वाद तिसऱ्या शतकापासूनचा आहे. फुटून निघालेल्यांकडे झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, तो पुन्हा द्यावा, असे कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता. मंडळीबाहेर तारण नाही, ही मांडणी त्याचीच. रोमचा बिशप स्टीफन याने त्याला विरोध केला. दीडशे वर्षांनी ऑगस्टीनने असाच पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या डोनॅटस पंथीयांना उत्तर देताना सांगितले की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. म्हणून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा कॅथॉलिक ख्रिस्तसभा पुन्हा देत नाही, मग तो प्रोटेस्टंट पाळकाने दिलेला का असेना. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असा बाप्तिस्मा झालेल्या इतर पंथीय विश्वासकांशी आपले नाते अपुरे असले तरी खरे आहे, असे जाहीर केले.

बॅप्टिस्टांची अडचण याने सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. बालकाचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी झालेलाच नसतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मोठेपणीचा बाप्तिस्मा हाच पहिला. इथे शब्दांची सारवासारव करून भागत नाही. आणि म्हणूनच नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी जे घडले, त्याचे मोल मला फार वाटते. त्या दिवशी सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन आणि मेथडिस्ट होते, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स होते, आणि ज्यात काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन आधीच एक झाले होते ते युनायटेड चर्चही होते. म्हणजे ज्या प्रश्नावर हॉल आणि जडसन यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याच्या दोन्ही बाजूंचे वारस एका मंडळीत आले. तिथे बालबाप्तिस्मा आणि विश्वासकाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. ज्या घरांना बालबाप्तिस्मा पटत नाही, त्यांनी मूल देवाला समर्पित करायचे आणि बाप्तिस्मा पुढे त्याच्या निर्णयावर सोडायचा.

नव्या कुटुंबाचे नाव तुमच्या मंडळीत घालायचे असेल, तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला जरूर मागा, स्वतःची शिकवणही मोकळेपणाने सांगा. पण त्याआधी त्यांना त्यांची साक्ष विचारा, ती पूर्ण ऐकून घ्या, आणि ‘तुमचे तारण झालेले नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. तो निकाल देण्याचा अधिकार प्रभूने कोणत्याही पंथाला दिलेला नाही.

पुढील लेखात : ना. वा. टिळकांचा ‘देवाचा दरबार’, आणि बाप्तिस्मा न घेतलेले ख्रिस्तशिष्य.