हिरवे पाणी आणि मत्स्यजिरे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी वर्षाचा बराच काळ गर्द हिरवे दिसते आणि त्या पाण्यात मासे टिकत नाहीत, अशी दीर्घकाळाची नोंद आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की शेवाळाच्या विषामुळेच तेथे मासे जगत नसावेत, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो बरोबर नाही. उल्काघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता आणि अल्कता मोजण्याचे माप, १० च्या आसपास असतो, तर गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना तो ६.५ ते ९ च्या दरम्यान लागतो. मासे शरीरातील अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात, परंतु इतक्या अल्कधर्मी पाण्यात तो बाहेर पडणे कठीण होते आणि माशाला त्याच्याच उत्सर्गाची बाधा होते. केनियातील मागादी सरोवरात अशाच पाण्यात राहणारा तिलापियाचा एक भाऊबंद अमोनियाऐवजी युरिया बाहेर टाकत असल्यामुळे तगून आहे. लोणारला हिरवा रंग देणारे आर्थ्रोस्पायरा हे सूक्ष्मजीव तर बाजारात स्पिरुलिना या नावाने पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गटातले आहेत, आणि जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याचे कारण म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले होते.

माशांच्या पिल्लांना शेवाळाच्या विषाचा खरा धोका संभवतो तो लोणारसारख्या असाधारण पाण्यात नव्हे, तर अगदी साध्या गोड्या पाण्यात. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारखे जलाशय आणि गावोगावची तळी यांत रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढवले जातात, आणि उन्हाने तापलेल्या, खतांचा अंश मिसळलेल्या, संथ पाण्यात मायक्रोसिस्टिस नावाचे नीलहरित शेवाळ कोठेही माजू शकते. त्याला शेवाळ म्हणण्याची रूढी असली, तरी ते प्रत्यक्षात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंपैकी आहे. त्याच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ते पृष्ठभागावर तरंगते आणि वाऱ्याने काठाला लागून हिरव्या रंगाच्या सायीसारखे जमा होते. मध्य भारतातील जलाशयांत अशा शेवाळात मायक्रोसिस्टिन हे विष आढळल्याचे जबलपूरच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले आहे.

मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांची साखळी वर्तुळात जुळून बनलेले, उकळल्यानेही सहसा नष्ट न होणारे संयुग आहे. पेशीतील प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारी आणि उतरवणारी अशी दोन प्रकारची विकरे सतत काम करीत असतात व त्यांच्या तोलावर पेशीचा आकार, तिचे विभाजन आणि तिची हालचाल अवलंबून असते. हे विष फॉस्फेट उतरवणाऱ्या विकरांना अडवते, त्यामुळे पेशीचा आतला सांगाडा कोलमडतो. मोठ्या माशात त्याचा मारा यकृतावर होतो, कारण पित्ताम्ले आत घेणाऱ्या वाटेनेच ते यकृतपेशीत शिरते. भ्रूणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे यकृत अजून घडायचे असते, आणि पेशी जागा बदलून शरीराचे थर रचत असतात, त्यामुळे हालचालीतच बिघाड झाला तर तो पुढच्या प्रत्येक अवयवात उतरतो.

हे सारे प्रत्यक्ष पाहता आले ते झेब्रा मासा या भारतीय उपखंडातील लहानशा माशामुळे. त्याची अंडी शरीराबाहेर वाढतात आणि पारदर्शक असतात. सुमारे एका दिवसात हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. शेवाळाचा अर्क मिसळलेल्या पाण्यात अशी अंडी ठेवली असता हृदयाभोवती व पीतककोशाभोवती, म्हणजे भ्रूणाच्या शिदोरीच्या पिशवीभोवती, पाणी साचणे, ठोके मंदावणे, पाठीचा कणा वाकणे आणि अंड्यातून बाहेर पडण्याची वेळ पुढेमागे होणे असे परिणाम दिसतात. सॅक्सिटॉक्सिन हे मज्जातंतूंवर काम करणारे शेवाळविष दिल्यास पिल्लू स्पर्शाला प्रतिसादच देत नाही. विशेष म्हणजे शुद्ध मायक्रोसिस्टिनपेक्षा संपूर्ण शेवाळाचा अर्क बहुधा अधिक घातक ठरतो. म्हणजेच त्यात इतरही द्रव्ये कामाला लागलेली असतात आणि एकाच विषाचे प्रमाण मोजून पाणी सुरक्षित ठरवणे घाईचे आहे.

अंड्याभोवतीचे कवच यातले बरेचसे विष बाहेर रोखते, त्यामुळे अंड्यापेक्षा नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू अधिक नाजूक ठरते. आपल्याकडील माशांच्या बाबतीत ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण कटला-रोहूची अंडी उबदार पाण्यात साधारण १४ ते १८ तासांतच फुटतात आणि कवचाचे संरक्षण एका दिवसाचेही राहत नाही. हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालीत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन यशस्वी केले आणि तेव्हापासून बीजनिर्मिती पावसाळ्यातील उबवणी केंद्रांकडे आली. तेथून आलेली पाच-सहा मिलिमीटरची पिल्ले, म्हणजे जिरे, संगोपन तळ्यात सोडतात. ही तळी आधी मुद्दाम सुपीक करतात: नको असलेले मासे मोहाच्या पेंडीतील सॅपोनिनने मारायचे, तिचा प्रभाव ओसरू द्यायचा, मग शेण आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी हिरवट करायचे, जेणेकरून पिल्लांना खाण्याजोगे सूक्ष्म प्राणी वाढावेत. वनस्पतीचे विष शेतकरी येथे हिशेबाने वापरतो. मायक्रोसिस्टिसचे विष मात्र त्याच खताच्या जोरावर, हिशेबाबाहेर, येऊ शकते.

तीन दिवसांत पीतक संपते आणि पिल्लाला बाहेरच्या खाद्याची गरज लागते. नेमके तेव्हाच तळे मायक्रोसिस्टिसने भरले असेल, तर त्याचे मोठे पुंजके सूक्ष्म प्राण्यांना गिळता येत नाहीत, त्यांची संख्या घटते आणि जिऱ्यांना विषाबरोबर उपासमारही सोसावी लागते. भर दुपारी दाट शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून सामू ९ च्या वर नेते, लोणारच्या दिशेनेच म्हणावे इतका, आणि पहाटेपर्यंत तेच शेवाळ प्राणवायू खाऊन टाकते. अशा वेळी झालेली हानी कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, कारण मेलेले मोठे मासे पाण्यावर तरंगतात, पण कुसळाएवढे जिरे तळाशी विरून जातात. महिन्याभराने जाळे ओढल्यावर वाढलेली पिल्ले कमी भरतात तेव्हा दोष बहुधा बियाण्याला दिला जातो, आणि तो कधी कधी खराही असतो.

शेवाळ दिसताच मोरचूद टाकून ते मारणे हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर पिण्याच्या धरणात हेच केल्यानंतर १४८ लोक, त्यांतील बहुतेक मुले, आजारी पडले, कारण पेशी फुटल्या आणि त्यांच्या पोटातले विष पाण्यात मोकळे झाले. जिवंत शेवाळातले मायक्रोसिस्टिन बव्हंशी पेशींच्या आतच असते. पेशी मेल्यावर ते पाण्यात उतरते आणि त्याचे विघटन करणारे जिवाणू वाढेपर्यंत काही दिवस, प्रसंगी काही आठवडे टिकून राहते. म्हणून तळ्यात जिरे सोडताना मोरचूद टाकून नुकतेच नितळ केलेले पाणी हिरव्या पाण्यापेक्षा अधिक घातक असू शकते. खत थांबवून, स्वच्छ पाणी घालून, काठाला जमलेली साय उचलून टाकून आणि काही दिवस वाट पाहून मगच बीज सोडणे हे संथ, पण कमी नुकसानीचे ठरते.