मुलींचा व्यायाम आणि घरचा हिशेब

राळेगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं मुलगी शाळेंत असेपर्यंत धांवते, उड्या मारते. महाविद्यालयांत गेली कीं तिचें मैदान सुटतें. 'आतां अभ्यास सांभाळ,' असें घरची वडील माणसें सांगतात. त्यांतील काळजी आम्ही जाणतों; परंतु विद्या व व्यायाम यांचें वैर आहे, हें आम्हांस मान्य नाहीं.

दीपा कर्माकर हिनें २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकांत व्हॉल्टमध्यें चौथा क्रमांक मिळविला आणि परततांच ती एम्. ए. च्या परीक्षेस बसली. आपल्या वऱ्हाडांतही, वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्याशेजारीं पुढें महाविद्यालय उभें राहिलें व शारीरिक शिक्षण हा पदवीचा विषय झाला.

मग अडतें कोठें? प्रथम पैशापाशीं. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सला व्हॉल्ट, वरखालीं बसविलेले दोन दांडे, पांच मीटर लांब व अवघी दहा सेंटिमीटर रुंद तुळई आणि बारा मीटर चौरस फरशी लागते. शिवाय गाद्या व बंदिस्त जागा. दोरीच्या मल्लखांबास एक दोर, भक्कम आधार व गादी पुरते. लहान महाविद्यालयानें येथूनच आरंभ करावा.

परंतु साधन एकदांच घ्यावें लागतें, शिक्षिकेचा पगार दरमहा द्यावा लागतो. आणि काटकसरीची कात्री बहुधा तेथेंच चालते. उलटी उडी घेणाऱ्या मुलीच्या पाठीशीं जाणता हात नसेल, तर उत्तम साधनही घातकच ठरेल.

अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास बंदी झाली. तेथील अव्वल विद्यापीठांना २०२४-२५ पर्यंत मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघास बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देतां येत. मात्र अभ्यासांत ठराविक गुण न राखणारीस स्पर्धेत उतरतां येत नाहीं. तेथें विद्या ही खेळाची अटच आहे.

म्हणून मुलीला महाविद्यालयांत घालतांना पालकांनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: व्यायामाची शिक्षिका कायम पगारावर आहे काय? गाद्या धड आहेत काय? परीक्षेच्या दिवसांत सरावाची वेळ बदलते काय? आणि चौथी गोष्ट स्वतःस विचारावी: मुलीच्या लग्नासाठीं आपण जी पुंजी सांठवितों, तींतील थोडा अंश तिच्या अंगच्या बळासाठीं खर्चिला, तर तो वायां जाईल काय?