आडनाव पोर्तुगीज, कूळ वसईचे

वसई स्थानकावर उतरून गिरीज, निर्मळ वा नंदाखालच्या वाटेला लागले, की घरांच्या दारांवर डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज अशी नावे दिसू लागतात. आत बोलणे चालते ते मात्र सामवेदी किंवा वाडवळी बोलीत. ‘तुमचे पूर्वज पोर्तुगालहून आले काय?’ हा नवख्याचा प्रश्न बहुधा निरागस असतो. पण शाळेत, कचेरीत तो वारंवार ऐकणाऱ्यास आपण आपल्याच गावात परके ठरतो आहोत, असे वाटल्यास नवल नाही. म्हणूनच त्याचे उत्तर इतिहासाच्या आधारे दिले पाहिजे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या नावासोबत धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव मिळण्याची रीत होती. परिणामी एकाच कुळातील दोन घरांना भिन्न आडनावे मिळू शकली, तर परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली कित्येक घरे एकाच आडनावाखाली आली. पोर्तुगीज पिता आणि वसईची माता यांचे पुत्र असलेल्या संत गोन्सालो गार्सियांसारखी उदाहरणेही आहेत; परंतु केवळ आडनावावरून वंश ठरविता येत नाही, हे उघड आहे.

कॅनडातील फ्रेंच भाषकांची कथा याच्या नेमकी उलट आहे. १६६५ मध्ये तेथे उतरलेल्या फ्रेंच पलटणीतील शिपायांना टोपणनावे असत. मूळ आडनावापुढे ‘दी’, म्हणजे आपल्याकडील ‘ऊर्फ’, लिहून ते जोडले जाई. पुढे एका शाखेने आडनाव ठेवले, दुसरीने टोपणनाव. तेथे एका रक्ताची दोन नावे झाली. येथे अनेक रक्तांचे एक नाव झाले. तरीही तेथील माणूस आपले कूळ बहुधा शोधू शकतो, कारण चर्चच्या नोंदवह्यांची दुसरी प्रत सरकारदरबारी ठेवली जाई आणि विवाहित स्त्रीचीही नोंद तिच्या माहेरच्या आडनावाने होई. या नोंदींच्या बळावर तांग्वे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात वंशावळींचा सात खंडांचा कोश सिद्ध केला.

आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे नाव, पित्याचे नाव व आडनाव ही तिन्ही बदलण्याची प्रथा रूढ झाली आणि अर्धी वंशावळ पुसली गेली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र त्यात आईचे माहेर येत नाही.

वसईपुरते बोलायचे तर चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या, सातबाराचे जुने उतारे, थडग्यांवरील अक्षरे आणि वृद्धांच्या आठवणीतील घरोघरची टोपणनावे ही सारी साधने परस्परांशी ताडून पाहिली पाहिजेत. कागद दमट हवेने विरतो. आठवण तर माणसाबरोबरच जाते. शेतवाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना घर ओळखण्याच्या जुन्या खुणाही नाहीशा होत आहेत. शिक्षकांनी येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे : आजीला तिच्या माहेरचे नाव विचारा आणि ते वहीत लिहून ठेवा.